केनवडला संहारदूताचा दौरा

संहार हे जबाबदारीचं खातं आहे. जन्म कोणालाही देता येतो. नाश करायला मात्र शिस्त, हुकूम आणि वेळेचं भान लागतं.

पाद्रीसाहेबांच्या पवित्र ग्रंथात हे खातं देवदूतांकडे आहे आणि कारभार वाखाणण्यासारखा. एका दूताने एका रात्रीत मिसर देशातली घरोघरची पहिली लेकरं नेली. ज्या चौकटीला कोकराचं रक्त होतं, ते दार तेवढं सोडलं. एकाने अश्शूरच्या राजाची अख्खी छावणी उजाडायच्या आत निकालात काढली. एकाला यरुशलेमेतल्या खळ्यापाशी 'पुरे' असा वरून हुकूम आला, तेव्हा त्याने उगारलेली तलवार म्यान केली. (हुकूम येताच हात आवरणारा अंमलदार आमच्या तालुक्याला अजून मिळायचा आहे.)

प्लेगची साथ ओसरल्यावर पाद्रीसाहेबांनी केनवडच्या बाजारात ही मिसरची हकिकत सांगितली. गावाने ती दवंडी म्हणून ऐकली. हे फार पूर्वी घडलं, असं साहेब परोपरीने सांगत होते. पण मिसरचं काम उरकून निघालेला अंमलदार, सरकारी दौऱ्याचा वेग धरला तर, केनवडला साधारण आत्ताच पोचतो. त्याला कोंबडी लागते की नुसतं दूध, यावर बरीच चर्चा झाली. माळकरी मंडळींची अडचण निराळी होती.

"साह्यब, आमच्या गळ्यात माळ हाय," मारोतरावांनी विचारलं. "रगताच्या जागी गेरू चालन का?"

साहेबांनी डोळे मिटले. गावाने ती मंजुरी धरली आणि दारं रंगवली. तरी धाकधूक होतीच, कारण दारावर खूण दिसली की साहेब लोक आतच शिरतात, हा प्लेगच्या साली आलेला अनुभव ताजा होता.

खरा पेच पाटलाच्या घरी पडला. जुने पाटील वारल्यापासून उकंडराव आणि इंद्रभान हे जुळे भाऊ 'थोरला मीच' म्हणून पाटीलकीसाठी भांडत होते. आता दोघेही धाकटे झाले. एकमेकांच्या पाया पडायला दोघे एकदम वाकले आणि डोकी फुटली. उकंडरावांनी तर आपल्याला अजून अक्कलदाढ आलेली नाही, हे चावडीवर तोंड उघडून दाखवलं.

शेवटी प्रकरण त्यांच्या आईपुढे, रंगूबाईपुढे गेलं. तिने तूर निवडता निवडता सांगितलं, "मोठी तं गोजरा हाय. तुमी दोघंबी मांगून झालेले."

गोजराबाई ही त्यांची सख्खी बहीण. शेलूबाजारला दिलेली, माहेरपणाला आली होती आणि तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होती. भावांना तिची इतकी माया याआधी कधी आली नव्हती. पाटीलकीला मुलगी मोजत नाहीत, संहाराला मोजतात, असा निकाल पंचांनी उभ्याउभ्या एकमताने दिला. तिला नवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, गाडीला घरचे उत्तम बैल जुंपले. यापुढची जबाबदारी सासरच्या चौकटीची.

गाडीत बसताना तिने विचारलं, "सकाळी जित्ती राह्यली तं पाटीलकी मले देसान का?"

 उकंडरावांनी गाडीवानाला हाकायला सांगितलं.

त्या रात्री दूत आला नाही. (दौरा तहकूब झाला असावा.) सकाळी दोघे भाऊ तोंड धुण्याआधीच पुन्हा थोरले झाले. बहीण सुखरूप पोचली का, हे पाहायला माणूस पाठवायचं ठरलं होतं; पण तो मान थोरल्याचा, म्हणून ते राहून गेलं.

वाचकांनी या भावांना खुशाल हसावं. पण थोरला कोण, हा वाद वाचताना या घरात एखादी बहीणही असेल, असं तुमच्या तरी कुठे मनात आलं होतं?