अण्णांचा ट्रक आणि भाजीची ट्रॉली

या वर्षी अण्णांना स्वेटर द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकीचं सगळं आपोआप झालं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. लष्करात ट्रक चालवण्यात त्यांचा उभा जन्म गेला. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण अजूनही घराबाहेर पडताना ते आधी दोन्हीकडे मान वळवून बघतात आणि मगच पाऊल टाकतात. दर वाढदिवसाला आम्ही त्यांना स्वेटर देतो. ते "छान आहे" म्हणतात आणि कपाटात ठेवतात. त्या कपाटातल्या स्वेटरांवर एखाद्या पलटणीची थंडी सहज निघेल. अंगात मात्र तीच जुनी, कोपराला विरलेली खाकी जर्सी.

माझ्याबद्दलचं त्यांचं मत पहिल्या भेटीतच पक्कं झालं. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, गाडी कोणती चालवता? मी म्हटलं, चालवत नाही. त्यावर ते "बरं" म्हणाले. ते "बरं" मला अजून ऐकू येतं. लायसन्सच्या परीक्षेला मी बसलोच नाही असं नाही, तीनदा बसलो. तिसऱ्या वेळी गाडी सुरू करायच्या आतच परीक्षकाने मला उतरायला सांगितलं. (आरसा नीट करताना तो माझ्या हातात आला, यात माझा काय दोष?) तेव्हापासून अण्णा मला 'तुम्ही' म्हणतात ते खास त्यांच्या पद्धतीने. जावयाला सगळेच 'तुम्ही' म्हणतात, पण इतरांच्या 'तुम्ही'त मान असतो, अण्णांच्या 'तुम्ही'त अंतर असतं. चारचौघांत माझी ओळख करून देताना ते "हे आमच्या मुलीचे मिस्टर" असं म्हणतात. जावई हा शब्द त्यांनी माझ्यावर कधी खर्च केला नाही. आणि खरं सांगतो, तो एकदा तरी ऐकावा असं मला फार वाटायचं.

त्यांच्या बैठकीत भिंतीवर एक मोठा फोटो आहे. सहा चाकांचा हिरवा ट्रक आणि त्याच्या मडगार्डवर हात टाकून उभे असलेले तरणेबांड अण्णा. (आमच्या लग्नाचाही फोटो आहे. तो दाराच्या मागे असतो. दार बंद केलं की दिसतो.) त्या फोटोकडे बघताना मला एकदम सुचलं की हाच ट्रक आपण करावा. लहानसा, रिमोटवर चालणारा, विकतच्या सुट्या भागांचा नव्हे तर पत्रा कापून, स्क्रू पिळून घरी केलेला. पंचाहत्तराव्या वाढदिवसाला तो अण्णांच्या पायापर्यंत चालत जाईल, आणि मग बघू कोणाचे मिस्टर ते.

आता माझं ऑफिस कोणतं, हे सांगायला हवं. मी नियोजन विभागात आहे. आमच्या विभागाने एका पुलाचं नियोजन इतकं बारकाईने केलं की तेवढ्या काळात नदीने पात्र बदललं. पूल झाला नाही, पण आराखडा अजून उत्तम स्थितीत आहे आणि बाहेरून पाहुणे आले की आम्ही तो त्यांना उलगडून दाखवतो. सांगायचं एवढंच की ट्रक करता येणं न येणं नंतरचं, ट्रकचं नियोजन करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आमच्याच विभागात एक नकाशे काढणारा आहे. त्याची दोन बोटं कायम एकमेकांना चिकटलेली असतात, कारण तो घरी विमानांची मॉडेलं करतो. आम्ही त्याला डिंक्या म्हणतो. त्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं की आधी चाकं शोध. बाकीचा ट्रक घरी करता येतो, रबरी चाकं येत नाहीत. म्हणून हातात असलेलं चाक मोजायचं, खऱ्या ट्रकचं चाक मोजायचं, एकाला दुसऱ्याने भागायचं, की आपलं प्रमाण ठरलं. मग लांबी, रुंदी, टप, दिवे, सगळं त्या एकाच हिशेबात बसवायचं. चाक चुकलं की सगळंच चुकलं, असंही तो म्हणाला होता. पण ते त्याने मी निघताना जिन्यात सांगितलं, आणि जिन्यातलं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

चाकं आमच्या घरातच निघाली. स्वयंपाकघरात भाजीची ट्रॉली आहे आणि बाथरूमजवळ तिचीच जुळी बहीण, कपड्यांची. मी पहिलीची चारही काढली. दुसरीची दोनच काढली, म्हणजे ती निदान अर्धी तरी हलत राहील. बायकोने विचारलं तेव्हा दुरुस्तीला दिली आहेत म्हणालो. तिला खरं सांगणं शक्यच नव्हतं. ती रोज सकाळी अण्णांना फोन करते आणि त्या फोनवर आमच्या घरातलं मीठसुद्धा गुप्त राहत नाही. बटाटे विटांवर ठेवलेल्या ट्रॉलीत जाऊन बसले आणि मी अण्णांकडे गेलो.

अण्णा त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर उभे राहून कुंडीला पाणी घालत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की तुमच्या ट्रकचं चाक केवढं असायचं. त्यांनी झारी खाली ठेवली. "हे एवढं," म्हणाले आणि कमरेपाशी हात आडवा धरला. मी खिशातून टेप काढून जमिनीपासून त्यांच्या हातापर्यंतचं अंतर घेतलं. (नियोजनवाल्याच्या खिशात टेप असतोच. आमच्या साहेबांच्या खिशात दोन असतात.) टेप बघून अण्णांचा चेहराच बदलला. त्यांनी मला आत बसवलं, स्वतः चहा टाकला आणि मग तासभर बोलत राहिले. चेसी किती लांब, टप किती उंच, चढाला कोणता गियर, सगळं तोंडपाठ. इतकी वर्षं आम्ही हवामानापलीकडे बोललो नव्हतो. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "काय चाललंय डोक्यात?"

"आहे एक विचार. सध्या घरात बोलू नका."

"नोकरी?"

"ती आहेच. हे संध्याकाळी आणि सुट्टीला करायचं."

"आणि चालवणार कोण? तुम्हाला तर येत नाही."

"तुम्ही, अण्णा. दुसरं कोण?"

वय झालं म्हणून माझ्या मेहुण्याने गाडीची किल्ली अण्णांपासून लपवून ठेवायला सुरुवात केली होती, त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. अण्णांनी चष्मा काढून जर्सीच्या टोकाने पुसला, परत घातला आणि मला दारापर्यंत सोडायला आले. मला वाटलं, म्हाताऱ्याने ओळखलं बुवा.

त्यानंतरचा महिना आमचं जेवणाचं टेबल माझ्या आराखड्यांखाली गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. समोरून ट्रक, मागून ट्रक, वरून ट्रक, पोटाखालून ट्रक. मी त्यावर वर्तमानपत्र पांघरून ठेवत असे, पण बायकोने ते उचलून बघितलं असावं, कारण एके सकाळी तिने चहाचा कप जरा जोरात ठेवला.

"एवढा मोठा निर्णय, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"मोठा कसला, छोटाच तर आहे."

"छोटा? अण्णा म्हणाले, सहा चाकांचा आहे."

म्हणजे अण्णांनी खरंच ओळखलं होतं आणि ते खूश होते. मला एकदम हलकं वाटलं. मी तिला म्हटलं, त्यांना आवडलं ना, मग झालं.

"आणि रस्त्यात कुणाला धडकला तर?"

"फार तर रंग उडेल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. बापाच्या आठवणीने भरून आलं असेल, असं मी समजलो. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या रडण्याचं कारण ओळखण्यात मी अजून पास झालेलो नाही. ही परीक्षाही लायसन्सच्या जातीतलीच.)

वाढदिवस उजाडला तेव्हा माझ्याकडे आराखड्यांची जाडजूड गुंडाळी होती, ट्रॉलीची सहा चाकं होती आणि ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या होत्या. ट्रक तेवढा नव्हता. पण आमच्या विभागात याला काम पूर्णत्वाला आलं असं म्हणतात. अण्णांना आज आराखडा दाखवू, ट्रक पुढच्या वाढदिवसाला, असं ठरवून मी निघालो. बायकोच्या पिशवीत स्वेटर होता. तो मीच ठेवायला सांगितला होता. नियोजनात पर्याय लागतो.

अण्णांच्या गल्लीत वळलो आणि पाय जागीच थांबले. दारासमोर ट्रक उभा होता. हिरवा, सहा चाकांचा, फोटोतला. फरक एवढाच की हा गल्लीभर होता आणि याच्या नळीतून धूर येत होता. अण्णांचा पलटणीतला एक सोबती आता लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या घेऊन विकतो, अण्णांच्या सांगण्यावरून त्याने तो सकाळीच आणून लावला होता. जावईबापू, पसंत पडला तर ठेवा, नाही तर संध्याकाळी परत नेतो, असं तो मला हसून म्हणाला. सगळं गणगोत फाटकाशी जमलं होतं. मेहुणा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "भावोजी, निदान पेन्शन तरी पदरात पडू द्यायची."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: मी खराखुरा ट्रक घेऊन धंद्यात पडतोय, असं ही सगळी माणसं महिनाभर समजत होती.

अण्णा पुढे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर जुनी टोपी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा माझा जावई. तुम्ही सगळे हसत होतात, याच्याने सायकल चालणार नाही म्हणून. गड्याने थेट ट्रकात हात घातला. आणि चालवायला मला बोलावलं."

'माझा' म्हणाले. 'जावई' म्हणाले. 'हा' म्हणाले, 'हे' नाही. गप्प बसलो असतो तर तो दिवस माझा होता. पण बायको समोर उभी होती, डोळे लाल, हातात स्वेटर, आणि मला कळलं की महिनाभर ही बाई आपलं घर रस्त्यावर येणार म्हणून रडते आहे.

"अण्णा," मी म्हटलं, "मी हाच ट्रक म्हणत होतो. पण एवढा." आणि पाव दाखवावा तसं दोन्ही हातांनी अंतर दाखवलं.

सगळे माझ्या दोन हातांमधल्या जागेकडे बघू लागले. ट्रक तेवढा धुरकत होता. अण्णांनी माझ्या काखेतली गुंडाळी ओढून घेतली, बॉनेटवर पसरली आणि बोटाने रेघ न् रेघ बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना. मग ते सरळ पुढच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. चाक त्यांच्या जेमतेम कमरेला लागत होतं.

"चाकाचं माप कुठून घेतलंत?" परत 'तुम्ही'.

"तुम्ही हात दाखवलात ना, तिथून."

"मी कशावर उभा होतो?"

"पायरीवर."

"आणि तुमचा टेप?"

"जमिनीवर."

अख्खी पायरी मी चाकात मोजली होती. महिनाभराची सगळी रेखाटनं त्या पायरीवर उभी होती. तसा ट्रक केला असता तर बाळाने बापाचे बूट घातल्यासारखा दिसला असता. अण्णांचे खांदे गदगदू लागले. मला वाटलं, रडतात की काय. ते हसत होते. इतके हसले की टोपी पडली, मग सोबत्याला हसू आलं, मग मेहुण्याला, आणि शेवटी बायकोने डोळे पुसून तोच पदर तोंडाला लावला.

हसणं ओसरल्यावर अण्णा ट्रकात चढले आणि शेजारची जागा थोपटली. "चल, बस." मागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी हळूहळू तीन फेऱ्या मारल्या. मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसलो होतो. तिसऱ्या फेरीला, समोर बघतच ते म्हणाले, "चालवणार मीच ना?"

"तुम्हीच."

"मग चाक परत मोज. नीट."

ट्रक संध्याकाळी परत गेला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज आमच्याकडे येऊ लागले. माझे आराखडे त्यांनी बायकोला फळ्यांवर अंथरायला देऊन टाकले आणि आठवणीतून पत्रा कापायला घेतला. डिंक्या त्यांचा उजवा हात झाला. माझ्याकडे गोंदाच्या बाटलीचं झाकण लावायचं काम होतं. काही महिन्यांत हिरवा, सहा चाकांचा ट्रक जेवणाच्या टेबलाखालून दिमाखात बाहेर आला आणि अण्णांच्या पायाशी येऊन थांबला. त्यांच्या अंगात स्वेटर नव्हताच, जर्सीच होती. मी रिमोटसाठी हात पुढे केला. अण्णांनी तो पाठीमागे धरला आणि म्हणाले, आधी परीक्षा.

चार खुर्च्या मांडून त्यांनी आठाचा आकडा आखला. मी पहिल्याच वळणावर ट्रक भिंतीत घातला. म्हणजे आता चारदा नापास. माझ्या मागोमाग बायको बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली.

भाजीची ट्रॉली अजून विटांवरच आहे, त्यामुळे गॅलरीतले कांदे-बटाटे हल्ली ट्रकातून स्वयंपाकघरात येतात. बायको चालवते. अण्णा सोफ्यावरून गियरच्या सूचना देतात. कुणी आलं तर त्यांना "हा माझा जावई" असं अभिमानाने सांगतात, आणि बोट खाली दाखवतात. मी तिथे असतो, ट्रकाच्या पुढे, वाटेतल्या चपला उचलत.