दहा हात पट्ट्यातली बाटली

वुर्यानीबाईंचं पोट दुखायला लागलं ते नेमकं एकवीस एप्रिलला, मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या कार्तिनीच्या जयंतीला, कार्तिनी दिनाच्या सकाळी. त्या दिवशी सगळ्या शाळेपुढे त्यांचं भाषण होतं आणि विषय त्यांनी स्वतःच निवडला होता: 'कणखर स्त्री कारणं सांगत नाही.'

जावा बेटावरच्या क्लातेन गावातल्या त्या शाळेत बाईंचा दरारा मोठा. आजारी मुलांच्या खोलीत कॉटच्या वर त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी टांगलेली होती: 'पाळीची पोटदुखी हे कारण नव्हे.' गेल्याच महिन्यात नववीतली अरिंबी त्या पाटीखाली पोट धरून आडवी झाली, तेव्हा बाईंनी तिला हाताला धरून उठवलं होतं. "नाटक बंद. हळद-चिंच पी आणि वर्गात जा." स्वतः बाईंना कधी पाळीचा त्रास म्हणून झाला नव्हता, त्यामुळे त्यांचं या विषयातलं ज्ञान अगदी निर्भेळ होतं. आणि आता, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्या न्हाणीघराच्या दाराला धरून "आई गं" म्हणत होत्या.

नवऱ्यानं सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत कढत पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून दिली. कार्तिनी दिनाला केबाया, म्हणजे तिथला पारंपरिक अंगासरशी पोलका, घालायचा म्हणजे पोटावर दहा हात लांबीचा पट्टा आवळणं आलंच. बाईंनी बाटली आडवी त्यात घातली.

"ओढा!"

"अगं, फुटेल ना!"

"फुटू दे. ओढा तुम्ही!"

नवऱ्यानं पाठीला गुडघा लावून पट्टा असा आवळला, की तो सोडवायलाही पुन्हा त्यालाच बोलवावं लागलं असतं. शेक छान लागत होता. फक्त आरशात बाजूनं पाहिल्यावर पोट जरा पुढे दिसत होतं. 'दिसेना का,' बाई मनात म्हणाल्या, 'माझ्या पोटाकडे बघायची कुणाची हिंमत आहे?'

हिंमत पहिल्यांदा केली गणिताच्या हेस्तीबाईंनी. फाटकापाशीच त्यांनी वुर्यानीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोटावर ठेवलेला हात पाहिला, जपून टाकलेलं पाऊल पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वुर्यानी! या वयात? कितवा गं?"

बाईंना खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे पोट दुखतंय म्हणायचं, आणि मग त्या पाटीचं काय? "इश्श, काहीतरीच काय!" एवढंच त्या म्हणाल्या आणि लाजल्यासारखं हसल्या. ते हसू त्यांना फार महागात पडलं.

दहा मिनिटांत शिक्षकांच्या खोलीत बाईंना गादीची खुर्ची मिळाली. सुगोंदो सर, म्हणजे मुख्याध्यापक, स्वतः पंखा त्यांच्याकडे वळवून गेले. हेस्तीबाईंनी कुठून तरी कैरीच्या फोडी पैदा केल्या. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "मला बाहेरून कळावं ना! बरं असू दे, सातव्या महिन्याच्या ओटीची लुगडी मी काढून ठेवते." बाईंनी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी दडपला.

इकडे पाणी कोमट झालं आणि कळा परत सुरू झाल्या. भाषणाला वीस मिनिटं. आता आधार एकच, फाटकाबाहेर बसून जामू, म्हणजे झाडपाल्याचे घरगुती काढे, विकणारी तुमियेम मावशी. बाई भिंतीच्या कडेकडेनं तिच्यापर्यंत गेल्या.

"मावशी, हळद-चिंच दे गं. मोठा पेला."

मावशीनं बाटली उचलून पदराआड केली. "दोन जिवांची बाई हळद-चिंच पीत नाही. पाप माझ्या माथी नको."

"अगं, मी गरोदर नाहीये!" बाई कुजबुजल्या. "पाळी आलीय माझी."

"हो, हो. पहिले तीन महिने सगळ्या असंच म्हणतात. सांगायचं नसतं, ठाऊक आहे मला. हा घ्या, आल्याचा काढा."

"मावशी, तुझ्या पाया पडते!"

"अहो, वाकू नका! वाकू नका म्हणते ना!"

बाई तशाच परत फिरल्या. सगळ्या मुलींना उठता-बसता हळद-चिंच पाजणाऱ्या बाईला आज कुणी चमचाभरसुद्धा देईना. म्हणतात ना, करावं तसं भरावं.

मंचावर सुगोंदो सरांनी माईक हातात घेतला. "आज वुर्यानीबाई दोघांच्या वतीनं बोलणार आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई माईकशी गेल्या. माईक खाली होता म्हणून जराशा वाकल्या. पट्ट्यात काहीतरी 'टक्' झालं. बाटलीचं झाकण.

"कणखर स्त्री," बाईंनी सुरुवात केली, "कारणं..."

आणि बाटिकच्या नेसणातून मंचावर पाणी टपटपायला लागलं.

"पाणमोट फुटली!" हेस्तीबाई किंचाळल्या. "गाडी काढा!"

साडेसातला बाईंना तिसरा महिना होता, नऊला नववा लागला. शिपायानं गाडी थेट मैदानात आणली. सुगोंदो सरांनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. चौघीजणी बाईंना उचलायला धावल्या, तशी बाईंनी माईकचा दांडा घट्ट धरला.

"थांबा! मला पाळी आलीय! पोट दुखतंय! फार दुखतंय! आणि ही बाटली आहे, बाटली!"

माईक चालू होता. फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनीसुद्धा माना वळवल्या. भाषण तिथेच संपलं. बाईंनी आजवर केलेलं ते सगळ्यात छोटं भाषण, आणि खरं सांगायचं तर पहिलंच खरं.

पाच मिनिटांनी बाई आजारी मुलांच्या खोलीत त्या पाटीखाली आडव्या होत्या. हेस्तीबाईंनी कात्रीनं पट्टा कापून बाटली काढली होती. दारात अरिंबी आली, हातात घरून आणलेली पिवळीधमक बाटली.

"बाई, हळद-चिंच. आजी करून देते. पण याने लगेच थांबत नाही हं. मला तरी तासभर पडावं लागतं."

बाई घटाघटा प्यायल्या. अरिंबीकडे बघायची मात्र त्यांना लाज वाटत होती. "त्या दिवशी मी तुला उठवलं ना गं?"

"हो."

"फार दुखत होतं?"

"आता तुम्हाला दुखतंय तेवढंच," अरिंबी म्हणाली.

बाईंनी डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "ती पाटी काढ. मागची बाजू कोरी आहे का बघ. आणि तुझं पेन दे."

आता तिथं त्याच वळणदार अक्षरात लिहिलंय: 'पोट दुखत असेल तर पडून राहा. कुणी नाटक म्हणालं तर वुर्यानीबाईंना विचारा.'

शाळेनं सगळं विसरून जायचं ठरवलं. तुमियेम मावशी मात्र बधली नाही. माईकवरचं तिनंही ऐकलं होतं, पण बायका लपवायला काहीही सांगतात, हे तिचं मत पक्कं. तिच्या हिशेबानं बाईंचे दिवस ऑक्टोबरात भरायचे होते; तो उलटून जाईपर्यंत तिनं बाईंना हळद-चिंच विकली नाही. तोवर दर महिन्याला बाई गुपचूप नववीच्या वर्गाच्या दाराशी जायच्या आणि खालच्या आवाजात विचारायच्या, "अरिंबी, आणलीयस का गं?"