भालेरावांना पसंत पडलेलं मशीन

"ओ साहेब, थांबा! आमची धूळ कुठं घेऊन चाललात?"

असं ओरडत भर दुपारी स्कूटरमागे धावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी भालेराव. अंगात बनियन, पाय अनवाणी, हातात उलगडलेलं वर्तमानपत्र. स्कूटरवरचा टाय घातलेला विक्रेता घाबरून थांबला. त्याने नुकतंच भालेरावांच्या घरात व्हॅक्यूम क्लीनर चालवून दाखवला होता आणि धुळीची पिशवी तशीच मशीनमध्ये ठेवून तो निघाला होता. भालेरावांनी भर रस्त्यात मशीन उघडायला लावलं, पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करून घेतली, पुडी बांधली आणि ती छातीशी धरून घरी आणली. सातपूरच्या आमच्या कॉलनीला हा किस्सा महिनाभर पुरला. सगळ्यात जास्त वेळा तो मीच सांगितला, हावभावांसकट.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. व्हॅक्यूम क्लीनर विकणारी तरुण मुलं तेव्हा नुकतीच दारोदार फिरू लागली होती. आमच्या कामगारांच्या कॉलनीत त्यांना कोण उभं करणार? भालेराव करायचे. नुसतं उभं नाही, बसवून चहा द्यायचे आणि मग तासभर उलटतपासणी घ्यायचे. भालेराव एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आलेला माल तपासून घ्यायचा नाहीतर परत पाठवायचा, हे काम वीस वर्षं केल्यामुळे ते घरीसुद्धा स्टोअरमध्येच असल्यासारखे वागत. "तपासल्याशिवाय सही नाही," हे त्यांचं ब्रीद. रॉकेलच्या स्टोव्हची पिन ते उजेडात धरून पाहत. दूधवाल्याला चरवी उलटी करून दाखवायला लावत. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाकडे त्यांनी असं काही निरखून पाहिलं, की तो बिचारा चहा न पिताच उठला.

शकून-अपशकून तर त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. विहारात दर रविवारी वंदनेनंतर ते अंधश्रद्धेवर बोलत. ग्रहणात सगळी कॉलनी दारं लावून बसली, की हे ओट्यावर बसून भजी खात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रह करत. शनिवारी संध्याकाळी दारात बसून नखं कापत. "बाई, काही होत नाही. घ्या, तुम्हीपण कापा," असं मला म्हणत. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे मला बाईच म्हणत. मी हसायचे, पण शनिवारी कधी नखं कापली नाहीत.

अशा माणसाच्या घरात झाडू नव्हता.

"झाडू म्हणजे काय बाई? इथली धूळ तिथं. ट्रान्सफर! डिस्पोजल नाही," असं ते मोठ्या आवाजात सांगत. ओली फडकीसुद्धा चालत नसत, कारण "त्यानं चिखल होतो." मागे कारखाने, पुढे खणून ठेवलेला रस्ता. आमच्याकडे दिवसातून दोनदा झाडलं तरी पायाला कचकच लागायची. त्यांच्या शहाबादी फरशीवर तर पावलं उमटत. कागदाचा कपटा, भाजीचं देठ हाताने उचलायचं, बाकी सगळं तसंच. पोरांनी त्यांचं नाव 'धूळसाहेब' ठेवलं होतं. ते भालेरावांच्या कानावर होतं. ते नुसते हसायचे.

किस्सा सांगताना मी हसायचे, पण त्या धुळीचं मला हसू यायचं नाही. कारण त्या धुळीत सुमनताई राहत होत्या, भालेरावांची बायको, आणि त्यांना दमा होता. आमची भिंत एकच. त्यांचा खोकला सुरू झाला की मी हातातलं काम थांबवून त्यांचा पुढचा श्वास येण्याची वाट बघत बसायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की धूळ कमी करा, नाहीतर ही बाई जाईल. आणि नवरा काय करतोय? तर मशीन तपासतोय! एक मशीन मागच्या बाजूने जोरात हवा सोडतं म्हणून परत. दुसऱ्याची पिशवी लहान म्हणून परत. तिसऱ्या विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "सर, एक मिनिटात सगळी धूळ घराबाहेर!" भालेराव आत जाऊन आले आणि म्हणाले, "रिजेक्ट!" धूळ घराबाहेर जाते म्हणून मशीन नाकारणारा माणूस! त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट घडून गेली होती, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद रेल्वेत भरती आहे म्हणून सकाळी मनमाडला गेला. जेवणाचा डबा घेऊन गेला. तो मनमाडला मामाच्या घरी पोचला नाही, भरतीलाही कोणी त्याला पाहिलं नाही. पोलिसांत तक्रार झाली, वर्तमानपत्रात फोटो आला. त्यानंतर काहीच कळलं नाही. मला वाटायचं, मुलगा गेल्यावर या माणसाचं डोकं फिरलंय आणि त्याचा सूड तो बायकोच्या फुप्फुसांवर काढतोय.

एके दिवशी माझा धीर सुटला. शाळेला सुट्टी होती, भालेराव ड्यूटीवर होते आणि भिंतीपलीकडे सकाळपासून खोकला थांबत नव्हता. मी नाकाला पदर बांधला, आमचा झाडू उचलला आणि सरळ त्यांच्या घरात शिरले. सुमनताई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. म्हटलं, "ताई, तुम्ही जरा ओट्यावर जाऊन बसा. अर्ध्या तासात घर आरशासारखं करते. ते आले की माझ्याशी भांडू देत."

मी वाकले आणि पहिला हात मारणार, तोच माझं मनगट कोणीतरी धरलं. ज्या बाईला खाटेवरून उठवत नव्हतं, तिची पकड होती ती.

"बाई, झाडू खाली ठेवा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुमच्या पाया पडते. माझा मिलिंद अजून पोचला नाय."

मी तशीच वाकलेली राहिले. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही. माझी आईही हेच सांगायची. माणूस बाहेर पडल्याबरोबर घर झाडतात ते फक्त प्रेत उचलल्यावर.

"पण ताई, दोन वर्षं झाली."

"झाली ना. पण पोचल्याची चिठ्ठी कुठं आली? मी आता झाडलं, तर मंग तो गेलाच म्हणायचा."

"आणि भालेरावभाऊ? ते तर यातलं काही मानत नाहीत."

"नाय मानत. पर लोकांनी मला नावं ठेवू नये म्हणून सगळं सोताच्या अंगावर घेत्यात. विहारात भाषण करणाऱ्याची बायको अशी, असं कोणी म्हणाया नको." त्यांनी दम खाल्ला. "म्हणले, झाडायचं नाय तर नाय, पर वढून घेणारं मशीन आणू. मीच म्हणले, धूळ उंबऱ्याभायेर जाया नको. त्यापायी त्या स्कूटरमागं पळाले. लोकं लय हसली ना?"

मी झाडू उचलून घरी आणला. लोक हसले होते, आणि त्यांना हसवणारी मीच होते. त्या दिवशी मला माझी इतकी शरम वाटली की संध्याकाळी भालेराव दिसले तेव्हा मी दाराआड झाले.

पुढच्या वेळी विक्रेता आला, तेव्हा मी स्वतःहून त्यांच्याकडे गेले. चाकं असलेलं, पत्र्याच्या मोठ्या डब्यासारखं मशीन होतं. भालेरावांनी नेहमीप्रमाणे चौकशी सुरू केली. पिशवी केवढी, कापड कसलं, मागून येणाऱ्या हवेत धूळ येते का? त्यांनी ओला रुमाल हवेसमोर पाच मिनिटं धरून बघितला. रुमाल पांढराच राहिला. मग ते पाणी प्यायला म्हणून आत वळले आणि मी तिथे बसलेय हे पाहून घुटमळले.

"जा भाऊ, विचारून या," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे."

मग त्यांनी खाटच दाराशी ओढली. सुमनताईंनी मशीन नीट पाहिलं आणि थेट त्या मुलालाच विचारलं, "हे झाडतं का रे, बाळा?"

"नाही आँटी, बिलकुल नाही. फक्त खेचतं."

"आन् धूळ?"

"पिशवीत. तुम्ही काढाल तेव्हाच निघेल."

सुमनताईंनी मान हलवली. भालेरावांनी खिशातून पेन काढलं. विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

मशीन आलं त्या दिवशी मी दोन वर्षांनी त्यांची फरशी पाहिली. भालेराव रोज ड्यूटीवरून आले की कपडे न बदलता मशीन चालवत. पिशवी भरली की तोंड शिवून माळ्यावर ठेवत आणि नवी लावत. माळ्यावर अशा पिशव्यांची ओळ लागली. प्रत्येकीवर स्टोअरमधल्यासारखी चिठ्ठी असायची. मी आता कोणाला हसवलं नाही. कोणी 'धूळसाहेब' म्हटलं तर मी अंगावर जायचे.

पण छाती आधीच खराब झाली होती. श्वास थोडा मोकळा झाला, खोकला कमी झाला, आणि तरीही त्या थंडीत एका सकाळी सुमनताई गेल्या.

कॉलनीतल्या सगळ्या जातींच्या बायका जमल्या. भन्तेजी येऊन गेले, वंदना झाली. दुपारी उचलायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी माझ्या हातात झाडू दिला. "बाई, तुम्ही शेजारच्या. त्यांना बाहेर काढलं की घर झाडून घ्या." मी भालेरावांकडे पाहिलं. ते तिरडीपाशी उभे होते. त्यांनी माझ्या हातातला झाडू पाहिला आणि ते आत आले.

"भाऊ, काय करू?" मी हळूच विचारलं. "तुम्ही तर हे काही मानत नाही."

"नाही मानत," ते म्हणाले. "मिलिंद निघाला त्या सकाळी ही हातात झाडू घेऊन नुसती उभी होती, बाई. मीच म्हणालो, 'झाड गं, काही होत नाही.' मी हसलो तिला. मग तिनं झाडलं."

बाहेरून कोणीतरी हाक मारली. त्यांनी डोळे पुसले.

"मी मानत नाही," ते पुन्हा म्हणाले. "पण झाडू नका."

आणि ते खांदा द्यायला गेले. बायका कुजबुजायला लागल्या, एक-दोघी झाडू मागायला पुढे आल्या. मी दारात आडवी उभी राहिले. पुरुष परत येईपर्यंत मी कोणाला आत जाऊ दिलं नाही.