दोन ताल्यांचे मुळ्येकाका

मुळ्येकाका घराला दोन ताले लावतात. आमच्या उज्जैनच्या मराठीत कुलपाला ताला म्हणतात, पुणेकरांनी नाक मुरडू नये. तर दोन ताले. ते लावून झाले की काका फाटकापर्यंत येतात, परत जातात, दोन्ही ओढून बघतात, पुन्हा फाटकापर्यंत येतात आणि शेजारी मला हाक मारतात, "दिलीप, जरा तू ओढून बघ रे. मान लो, मला वाटलं लागलाय आणि लागलाच नसला, तर?" मी चार वर्षांपूर्वी नानाखेड्याला राहायला आलो, तेव्हापासून त्यांचे ताले ओढतोय. महाकालाच्या गावात राहून देवळातली घंटा मी इतक्या वेळा वाजवलेली नाही.

"मान लो" हा त्यांचा मंत्र. सकाळी डोळे उघडल्यापासून ते काही ना काही मानत असतात, आणि जे मानतात ते सगळं वाईटच. पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहिले तर "मान लो, जिरावनचा मसाला जास्त पडला, तर?" रिक्षात बसले तर "मान लो, ह्याला रस्ताच माहीत नसला, तर?" रिक्षावाला त्यांना वीस वर्षं ओळखतो. काका पाणीपुरवठा खात्यात होते. तिथे गावाचं पाणी कधी बंद पडेल ह्याची काळजी करण्याचा पगार मिळायचा. रिटायर झाले, पगार थांबला, काळजी चालूच राहिली.

त्यांचं सगळं दोन-दोन. दोन घड्याळं, दोन मोबाइल, दोन छत्र्या. टावर चौकात माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथून त्यांनी एकाच नंबरचे, एकाच फ्रेमचे दोन चष्मे नेले. एक डोळ्यांवर, दुसरा खिशात. खिशातला पडू नये म्हणून खिशाला सेफ्टी पिन. पिनासुद्धा दोन. माझी बायको म्हणते, बरंय, काकू एकच केली. ती बिचारी लवकर गेली, मुलगी कॉलेजात असतानाच.

मुलीचं नाव अनघा, घरात अनू. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काका तिच्याबद्दल बोलत नसत आणि कॉलनीतलं कोणी विचारत नसे.

तीन वर्षांपूर्वी काका म्हणाले, "दिलीप, मी डोंगरातली चहापत्ती मागवतो आहे. तुझं नाव टाकतो रे. मान लो, मी घरी नसलो, तर पार्सल तू घेशील." मी म्हटलं, टाका. माझ्या नावाचं असं काय बिघडणार होतं! त्यानंतर दर दोन महिन्यांनी पार्सल यायचं, मी ते न बघता भिंतीवरून काकांना द्यायचो. एकदा त्यांनी मला त्यातला चहा पाजला. आलं घालून, दूध घालून, वीस मिनिटं उकळलेला. हिरव्या पाल्याचा काढा झाला होता नुसता. स्वतः काकांनीही अर्धा कप मोरीत ओतला. तरी पार्सलं येतच राहिली. मी मनात म्हटलं, म्हातारा गेला कामातून.

गेल्या मार्चात ते भर दुपारी दुकानात आले. चष्मा घामाने धुरकटलेला. दुसरा मोबाइल, ज्यावरून ते माझ्या नावाने चहा मागवायचे, तो माझ्यापुढे धरला. निरोप होता: "दिलीपजी, तुम्ही आमचे सगळ्यांत जुने ग्राहक. एप्रिलमध्ये पहिली खुडणी असते. आमची लहानशी बाग बघायला जरूर या. सोबत घरचं कोणी वडीलधारं असेल तर त्यांनाही आणा. – अनघा."

"काका, ही कोण अनघा?"

"माझी अनू," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मग सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी अनूने इंदूरची बँकेतली नोकरी सोडली आणि पालमपूरच्या वर एक जुनी, ओसाड पडलेली चहाची बाग घेतली. खत नाही, फवारणी नाही, सगळं शेणावर आणि पाल्यावर. काकांनी तिला काय काय होऊ शकतं ह्याची दोन पानी यादी लिहून दिली. अस्वल, दरड, गारपीट, विंचू, मलेरिया. तिने ती वाचली आणि बॅग भरली. तेव्हा काका बोलून बसले, "गेलीस तर ह्या घराचं दार तुला बंद." ती गेली. दोन दिवाळ्यांना तिचा फोन आला, ह्यांनी उचलला नाही.

"का नाही उचलला?"

"मान लो, ती फोनवर रडली असती, तर? मी इथून काय करणार होतो?"

मी चिडलो. अहो, काय माणूस आहे हा! पोरीशी बोलायचं नाही आणि माझ्या नावाने तिचा चहा ढोसायचा, तोही न पिता. पण काका तो निरोप पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होते. "तू चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "मी तुझा मामा म्हणून येतो. तिला बघतो आणि परत येतो. ओळखलं आणि दारातून हाकललं, तर मी कुठे जाऊ, दिलीप?"

निघालो. बघतो तर काकांनी सामानाचे दोन भाग केलेले. मान लो, एक बॅग चोरीला गेली, तर अर्धं सामान तरी राहील. म्हणून डावी चप्पल एका बॅगेत आणि उजवी दुसऱ्या. आख्ख्या प्रवासात त्यांनी मला दोनदाच झोपू दिलं. पठाणकोटला उतरून टॅक्सी केली. घाट सुरू झाला तसे काका पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसले. "भैया, मान लो ब्रेक फेल हो गया, तो?" ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "बाबूजी, मानना ही क्यों?" काकांनी सीट आणखी घट्ट धरली. असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं कधी.

पण पुढची चिंता घाटाची नव्हती. बाग जवळ येत चालली तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटच्या वळणावर त्यांनी माकडटोपी चढवली आणि वर मास्क लावला. एप्रिलचं ऊन होतं. माझी वेगळीच पंचाईत. मला चहातलं ओ की ठो कळत नाही, आणि मी म्हणे सगळ्यांत जुना ग्राहक!

अनघा फाटकात उभी होती. उन्हाने रापलेली, हातात टोपली, नाक थेट काकांचं. "या दिलीपजी. आणि हे?"

"माझे मामा," मी म्हटलं. "त्यांना... सर्दी आहे."

"अरेरे," ती म्हणाली, आणि आम्हाला बाग दाखवायला घेऊन गेली. कमरेइतकी झुडपं, उतारावर रांगांनी लावलेली. दोन-चार बायका खुडत होत्या. अनघा मला सांगत होती, दोन पानं आणि मधली कळी, एवढंच खुडायचं. "दोन," असा मास्कमधून आवाज आला. मी खोकून तो दाबला. ती मला विचारायची, तुम्हाला पहिल्या खुडणीचा जास्त आवडतो की पावसानंतरचा? मी सांगायचो, दोन्ही उत्तम. मामा तिच्यामागे चार पावलांवर चालत होते. बागेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिच्या हातांवरचे ओरखडे बघत होते.

बागेच्या टोकाला पाण्याचा ओढा होता, त्यावर लाकडाची फळी टाकलेली. अनघा सवयीने फळीवर चढली. मधे पोचली तेव्हा फळी जरा करकरली, आणि मागून हंबरडा आला, "एकच फळी? अनू, मान लो ती मोडली, तर!"

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. आता ही आम्हाला ओढ्यापलीकडून हाकलणार आणि ह्या माणसाला परत उज्जैनला कसं न्यायचं ते माझं मलाच ठाऊक.

अनघा फळीवर तशीच पाठमोरी उभी राहिली. मग म्हणाली, "नाही मोडणार. आणि बाबा, ती टोपी काढा आता. घेरी येईल तुम्हाला."

काकांनी टोपी काढली, मास्क काढला. चेहरा घामाने निथळत होता. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच पार्सलला." ती परत अलीकडे आली. "पत्ता तुम्हीच पाठवला होतात ना? तोंडपाठ आहे मला. दिलीप सबनीस, नानाखेडा बस स्टँडच्या मागे, मुळ्ये यांच्या घराला लागून. आणि खाली, घर न सापडल्यास मुळ्ये यांना विचारणे."

मी कपाळावर हात मारला. तीन वर्षं ते पार्सल माझ्या हातातून गेलं होतं!

"अगं, मान लो पार्सल हरवलं असतं, तर?" काका म्हणाले.

अनघा हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला लागली. "मग एक शब्द लिहायचा होता ना, बाबा. दर पार्सल बांधताना वाटायचं, ह्या वेळी लिहितील. तीन वर्षं वाट बघितली मी. शेवटी मीच बोलावलं."

"मी तुला दार बंद म्हटलं होतं," काका म्हणाले. "मला वाटलं, आता तुझंही बंद असेल. मी चुकलो गं." हे त्यांनी 'मान लो' न लावता म्हटलं. अनघाने त्यांचा घामेजला हात धरला आणि त्यांना झाडाच्या सावलीत नेऊन बसवलं. मी ओढ्याकडे बघत राहिलो. चष्मा पुसायला लागला मला.

जेवायला वरणभात होता. काका दोनदा भात घेऊन जेवले. मग अनघाने आम्हाला जरा पडायला पाहुण्यांच्या खोलीत नेलं आणि म्हणाली, "बाबा, उठलात की चहा देते. दूध घालणार नाही, सांगून ठेवते." ती गेल्यावर मी दार लावायला वळलो. दाराला आतून दोन कड्या होत्या. एक जुनी, गंजकी. दुसरी नवीकोरी, तिच्या स्क्रूंवर अजून ओरखडासुद्धा नव्हता.

काकांनीही त्या बघितल्या. नवीवरून बोट फिरवलं. मी चार वर्षांच्या सवयीने पहिली कडी सरकवली, दुसरीला हात घातला.

"राहू दे, दिलीप. ती लावलेलीही काढ."

"दोन्ही उघड्या?"

"दोन्ही," काका म्हणाले आणि चष्मा काढून उशीला टेकले. "मान लो, अनू चहा घेऊन आली, तर?"