व्होर्गॅथचा डावा पाय

गेल्या महिन्यात एका रविवारी मी माळ्यावरून गेमचं जुनं यंत्र खाली काढायचं ठरवलं. माझं चुकलं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

निमित्त श्रियाचं. ही आमची मुलगी, पाचवीत आहे. शाळेत तिला ‘माझ्या घरातील शूर व्यक्ती’ या विषयावर बोलायचं होतं आणि तिनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं होतं. (मी मालवणात एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो. तिथे शौर्याला फारसा वाव नाही.) पण बारा वर्षांपूर्वी बाबांनी ‘ग्रेमूर टू’मधला व्होर्गॅथ मारला, हे तिनं पाळण्यापासून ऐकलं होतं. बाईंना दाखवायला तिला फक्त स्क्रीनचा एक फोटो हवा होता.

‘ग्रेमूर टू’ ज्यांनी खेळला नाही त्यांची मला कीव येते. एक अनाथ शिलेदार असतो. त्याला आपण वाढवायचं, लढायला शिकवायचं, चिलखत मिळवून द्यायचं आणि शेवटी राखेच्या डोंगरावर व्होर्गॅथ नावाच्या राक्षसाला भिडवायचं. त्यातला लोहार आपल्याला नावानं ओळखायचा. आमच्या कचेरीतले साहेब अजून मला निलेश म्हणतात, आणि निलेश माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्या गेमचा पहिला भागही होता, पण दुसऱ्यापुढे तो काहीच नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. (पहिला मला पूर्ण करता आला नव्हता, हेही एक बारीकसं कारण आहे.)

तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. कचेरीतून तारकर्लीला घरी आलो की चहाचा कप घेऊन व्होर्गॅथसमोर बसायचो आणि दिवेलागणीपर्यंत वीसेक वेळा मरायचो. असे तीन आठवडे गेले. माझं जेवण सुटलं. माझ्या आईला, म्हणजे माईला, वाटलं की नव्या सुनेशी माझं बिनसलं. शेवटी मी खरं काय ते सांगून टाकलं. माईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि गावाच्या वतीनं देवाशी बोलणाऱ्या दत्ताराम गावकारांना बोलावून राखणदाराला, म्हणजे गाव सांभाळणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

गावकारांनी नारळ हातात घेतला, पण आधी चौकशी केली. देवाला नाव-गाव नीट सांगावं लागतं, नाहीतर तो भलत्यालाच धरतो. मी नाव सांगितलं.

“खंयचो तो?”

“उत्तरेकडचो. राखेच्या डोंगरार रवता.”

“म्हंजे घाटावरचो,” गावकार म्हणाले. जमलेल्या सगळ्यांना ते एकदम पटलं. त्रास देणारा माणूस आणखी कुठला असणार?

मग गाऱ्हाणं झालं. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक घाटावरचो जो कोण वरगात आडवो येता, तेका वाटेतसून दूर कर. दर वर्साक तुका कोंबो देतलो, तो मान्य करून घे म्हाराजा.” सगळ्यांनी “होय म्हाराजा” म्हटलं. माझे डोळे भरून आले.

त्याच संध्याकाळी मी असा लढलो की विचारू नका. स्क्रीनवरची व्होर्गॅथच्या रक्ताची पट्टी पार तळाला गेली, माझी तलवार हवेत, आणि लाईट गेली. आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते, त्यात देवाचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन बघतो तर व्होर्गॅथ आडवा पडलेला आणि माझ्या शिलेदाराच्या डोक्यावर मुकुट. म्हणजे घाव लाईट जायच्या आत बसला होता. निम्मं श्रेय मी राखणदाराला दिलं. (हा वाटा पुढे पुढे थोडा कमी होत गेला.) तेव्हापासून दर वर्षी आम्ही राखणदाराला कोंबडा देतो, वडे होतात आणि तंगडी माझ्या पानात पडते. माई म्हणते, तो मारणाऱ्याचा मान.

तर त्या रविवारी यंत्र चालू झालं. मुकुट घातलेला शिलेदार बघून मला भरून आलं. श्रिया फोटो काढायला पुढे झाली आणि तिनं खालची बारीक अक्षरं वाचली. विजयाची तारीख आणि वेळ. मला ती तिथे असते हेच माहीत नव्हतं.

“बाबा, मंगळवारी सकाळी अकरा वीसाक तुमी घराकडे होतात?”

मी म्हटलं, असेन. रजा असेल. माईची स्मरणशक्ती अशा वेळी विनाकारण चांगली असते. त्या दिवशी कसली रजा, असं ती म्हणाली. गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा विसरून गेलो होतो आणि तो घेऊन ती स्वतः मालवणला आली होती.

मी कचेरीत, माई मालवणात. घरात राहिलं कोण?

स्वयंपाकघरात रसिका, म्हणजे माझी बायको, नारळ खवत होती. तो आवाज थांबला. मी तिच्याकडे बघितलं आणि मला जो धक्का बसला तो व्होर्गॅथनं कधी दिला नव्हता.

“लाईट इली तसो टीव्ही लागलो,” रसिका म्हणाली. “मियां केर काढी होतंय. तो राक्षस अंगार इलो म्हणान तां बटणाचा हातात घेतलंय. चार येळा मेलंय. पाचव्या येळाक मारलंय.”

“पाचव्या?”

“अवो, तेचो डावो पाय कच्चो होतो. तुमी तीन आठवडे डोक्यारच घाव घालीत होतात.”

मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चिरकला, हे कबूल करतो.

“सांगूक इलंय, तर तुमी राखणदाराच्या दिशेन हात जोडून रडत होतात. मगे तीन भाकऱ्यो खाल्ल्यात. माका वायट वाटला.”

माझ्यापेक्षा माईला जास्त धक्का बसला होता. बारा वर्षं देवाला भलत्याच माणसाच्या नावानं कोंबडा दिला, म्हणून ती मटकन खाली बसली. श्रियानं तर रडायचीही तसदी घेतली नाही. तिनं खोडरबर घेतला, वहीतलं ‘माझे बाबा’ खोडलं आणि वर ‘माझी आई’ लिहिलं. बाकीचा मजकूर तिनं तसाच ठेवला, फक्त ‘शूर’च्या पुढे ‘व हुशार’ घातलं. ते मला फार लागलं. मुलीच्या नजरेतून उतरणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. म्हणून मी गुपचूप पहिला भाग शोधून काढला आणि रोज संध्याकाळी त्याला बसू लागलो. त्यातला राक्षस मारल्याशिवाय मुलीला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलं. (घर तीन खोल्यांचं असल्यामुळे तोंड दिसायचंच.)

काल गावकारांना बोलावून चुकीची दुरुस्ती झाली. श्रियानं त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी नारळ धरला.

“बा देवा म्हाराजा, बारा वर्सा कोंबो भलत्याच्या नावान तुका पावलो, ती चूक पदरात घे. घाटावरचो वरगात ह्या सुनेन मारलो, तिका येश दी. आणि हो झील आता पैल्या भागाक बसलो हा, म्हाराजा. निदान तेतलो तरी तेच्या हातान मारून घे.”

सगळे म्हणाले, “होय म्हाराजा.” त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता, कारण तोपर्यंत मी त्या राक्षसाच्या दोन्ही पायांवर घाव घालून बघितले होते.