सातवी ‘ब’चा अधांतरी बटाटा

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं, चपला राहू द्या तिथेच, कोणी नेत नाही! आज तुम्हाला एका बटाट्याची कथा ऐकवायची आहे. हसू नका हो! त्या बटाट्याने भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत, भर सकाळी, बावन्न पोरं, अकरा बायका आणि एक सरकारी बाई यांना एकाच वेळी आ वासायला लावलं. भल्याभल्या बुवांना जमत नाही ते!

तर योगेंद्र सर. उत्तनच्या रस्त्याला जी शाळा आहे, तिथे सहावी-सातवीला विज्ञान शिकवतात. माणूस साधा, पण कीर्तनाचं वेड असं की वाटेत कुठे टाळ वाजला तर भरलेल्या रिक्षातून उतरून आत जाऊन बसतात. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवतोय आणि सर आत माना डोलावतायत!

या सरांचा जीव शाळेच्या एका खोलीत अडकलेला. प्रयोगखोली! चार कपाटं, दोन बेसिनं, एक गळका नळ. पण संस्थेच्या मंडळींनी ठरवलं की तिथे समारंभाच्या खुर्च्या रचायच्या. “वापर कुठे होतोय तिचा?” असं म्हणाले. बरीच रदबदली झाल्यावर एवढंच ठरलं की शनिवारी तपासणीला शिक्षण खात्याच्या मिनल मॅडम येतील, त्यांनी शेरा दिला तर खोली राहील, नाहीतर खुर्च्या!

सरांनी शिक्षकांच्या खोलीत छाती ठोकून सांगितलं, “शेऱ्याचं काय घेऊन बसलात! पदार्थाचे गुणधर्म मी असे शिकवेन की मॅडम फळ्यासमोर हात जोडतील. कीर्तनच करतो घनतेवर!”

सगळ्यांना वाटलं, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती.

शनिवारी सकाळी सर झब्बा-उपरणं घालून हजर! चौरंगावर आईच्या लोणच्याची काचेची मोठी बरणी. बरणीत अर्ध्यापर्यंत मिठाचं पाणी, त्यात तरंगणारा एक बटाटा. मग सरांनी पळी उपडी धरून तिच्या पाठीवरून साधं पाणी सोडलं, इतकं हळू, जणू झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतायत. खारं जड पाणी खाली राहिलं, साधं हलकं पाणी वर बसलं, आणि बटाटा राहिला बरोब्बर मधे! ना तळाला, ना वर. नुसता अधांतरी!

पोरं गप्प. सातवी ‘ब’ गप्प, म्हणजे काय झालं असेल बघा!

“सर, धागा बांधलाय ना?” स्वप्नीलने बाकाखालून वाकून पाहिलं.

“धागा नाही, बाळा. गुणधर्म!” सर म्हणाले आणि त्यांनी टाळ उचलले.

स्वप्नीलने बाकाचा मृदंग केला. उत्तनची क्लेअर चर्चमध्ये गाते, तिचा आवाज म्हणजे समुद्रावरचं पहाटेचं वारं. तिने सरांनी रचलेलं ध्रुवपद उचललं:

“कोणी तरे, कोणी बुडे, घनता ज्याची त्याची गा!”

बावन्न गळे मागे लागले. खिडकीची तावदानं थरथरली!

आता घोटाळा इथे झाला. शाळेच्या मागेच देऊळ, आणि तिथे त्या दिवशी कीर्तन होतं. अकरा बायका कधीच्या येऊन बसलेल्या, बुवांचा पत्ता नाही. एवढ्यात शाळेतून टाळ ऐकू आले.

“अगो, बुवा शाळंत गेलंत!” गोदूबाई म्हणाल्या. गोदूबाई म्हणजे त्या घोळक्याच्या सेनापती. कमरेला पिशवी, पिशवीत बुक्का, फुलं, तांब्या, पळी, सगळा सरंजाम. उठल्या ते थेट प्रयोगखोलीत! मागोमाग दहाजणी. भिंतीला टेकून बसल्यासुद्धा.

सरांनी पाहिलं. बाहेर घालवायचं का यांना? पण कीर्तनाला आलेला श्रोता उठवायचा, हे सरांच्या हातून मेल्याशिवाय व्हायचं नाही. त्यांनी मान लववली आणि पूर्वरंग पुढे रेटला. वस्तुमान, आकारमान, भागाकार, सगळं चालीत! बायकांना भागाकार कळला नाही, पण बरणीतला बटाटा दिसला, आणि अकराच्या अकरा जणींचे हात आपोआप जोडले गेले.

“आई गं! पान्यात उभा!” कोणीतरी पुटपुटलं.

पूर्वरंग संपला. आता कीर्तनात मधे काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि नामाचा गजर होतो. गोदूबाई रीतीला पक्क्या. पुढे झाल्या, सरांच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात झेंडूचा हार घातला. सरांना भरून आलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत कपाळाला खडू सोडून काही लागलं नव्हतं! त्यांनी डोळे मिटले आणि “रामकृष्ण हरी” सुरू केलं. आणि सरांनी नामात डोळे मिटले की ते कधी उघडतील याचा नेम नाही.

इकडे गोदूबाईंना हारफुलांशेजारी पाण्याची बरणी दिसली. आता याला तीर्थ नाही तर काय म्हणायचं? पळी घातली, पहिलं स्वतः घेतलं आणि वाटायला सुरुवात!

पहिल्या सहाजणींना वरचं साधं पाणी मिळालं. “गोड हाय गो!” म्हणत त्यांनी डोळ्यांना बोटं लावली. मग गोदूबाईंना दिसलं की पोरंही ओंजळी पसरून बसलीत, तीर्थ पुरायचं नाही. आता तीर्थ कमी पडतंय तर काय करतात? त्यात पाणी घालतात! गळक्या नळाचे दोन तांबे ओतले आणि सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून पळीने तळापासून गरागरा ढवळलं.

सातव्या बाईचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. “खारट हाय!”

“खारट? आमाला तर गोड लागला!” पहिल्या सहाजणी म्हणाल्या, आणि तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी मनातल्या मनात, आपण सुनेला काय काय बोललो, ते आठवू लागली. आठवी, नववी, दहावी, सगळ्यांना खारट! एकेकीचा चेहरा पडत चालला. अकराव्या इंदुबाई. सत्तरी ओलांडलेल्या, काळ्याभोर, उभं आयुष्य मिठागरात गेलेलं. त्यांनी घोट जिभेवर घोळवला आणि भुवई उचलली.

नेमक्या त्याच क्षणी दारात मिनल मॅडम! हातात फाइल. “इथे विज्ञानाचा तास...” एवढंच म्हणाल्या, तोवर गोदूबाईंनी त्यांच्या तळहातावर पळी रिकामी केली. तीर्थाला नाही कोण म्हणणार? मॅडमनी घेतलं. आणि त्यांचं तोंड जे वाकडं झालं! अख्खी खोली त्यांच्याकडे ‘अरेरे’ अशा नजरेने बघायला लागली.

सरांनी डोळे उघडले. समोर मॅडम. आनंदाने उपरणं सावरलं, “पाहा मॅडम, हा बटाटा अधांतरी...” म्हणून बरणीकडे हात केला.

बटाटा तळाला. एखाद्या नापास पोरासारखा कोपऱ्यात बसलेला.

“बुडालाय,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी बरणीत डोकावून पाहिलं. खुर्च्या! त्यांना एकावर एक रचलेल्या लाल खुर्च्या छतापर्यंत दिसायला लागल्या. “मॅडम, आत्ता होता हो वर! पोरांना विचारा!”

“प्रयोग दिसायला हवा, सर. ऐकून शेरा कसा लिहू?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

तेव्हा भिंतीजवळून इंदुबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत बरणीपाशी आल्या. पाण्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली.

“मास्तर, पानी कच्चं हाय,” त्या म्हणाल्या. “गोदूनं पातळ केलान. मीठ आना. ते पिशवीतलं नको, खडा आना, खडा!”

स्वप्नील खिचडीच्या खोलीकडे धावला आणि खडामिठाचा डबाच घेऊन आला. इंदुबाईंनी कोपरापर्यंत हात घातला. एक मूठ. ढवळलं. बोटं चोळली. “न्हाय.” दुसरी मूठ. “न्हाय अजून.” ना वजन, ना माप! पोरं बाकांवर चढली, तरी आवाज नाही. फक्त बरणीत खडे विरघळल्याची किरकिर. पाचव्या मुठीनंतर त्यांनी हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, “थांबा आता. पानी पिकलं.”

पाणी गरगरत राहिलं, मग संथ झालं. बटाट्याचं एक टोक हललं. उचललं. आणि कोणी हात न लावता, कोणी फुंकर न घालता, तो बटाटा हळूहळू वर आला, थेट वर, आणि पाण्याबाहेर पाठ काढून डुलू लागला!

“आमचा बाप अंडं सोडायचा आगरात,” इंदुबाई म्हणाल्या. “वर आलं का समजायचं, पानी पिकलं. बटाटा व्हता तोच हाय, बाय. त्याचं काय बी बदललं न्हाय. बदललं ते पानी. पानी त्याच्यापरीस जड झालं, म्हनून ह्यो तरला.”

सर बघतच राहिले. चाळीस मिनिटं टाळ बडवून त्यांना जे सांगता आलं नव्हतं, ते म्हातारीने पदर खोचून चार वाक्यांत सांगितलं!

एवढ्यात क्लेअरने, कोणी न सांगता, बरणीतलं जास्तीचं पाणी काढलं, पळी उपडी धरली आणि साधं पाणी सोडायला सुरुवात केली. थेंब थेंब. पाणी चढलं, बटाटा तिथेच राहिला. अधांतरी! मिनल मॅडमच्या हातातली फाइल खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही. सरांनी पाहिलं, मॅडमचे दोन्ही हात जोडलेले होते. फळ्यासमोर नाही, इंदुबाईंसमोर.

शेरा लिहिला गेला. जाताना मॅडमनी सरांना जिन्यात बाजूला घेतलं आणि कुजबुजल्या, “सर, एक विचारू? ते तीर्थ... मलाच का हो खारट लागलं?”

सरांनी थर, ढवळणं, सगळं समजावलं. मॅडमच्या छातीवरचं ओझं उतरलेलं दिसलं. गोदूबाईंना मात्र अजून पटलेलं नाही. त्या म्हणतात, गोड-खारट लागलं ते ज्याच्या त्याच्या पुण्याईनेच.

सरांनी शेरापुस्तक उघडलं. लिहिलं होतं: “प्रयोगखोली चालू राहावी. इंदुबाईंचा तास अप्रतिम. योगेंद्र सर टाळ चांगले वाजवतात.”

खोली वाचली! आता दर शनिवारी तिथे इंदुबाईंना बोलावतात, आणि सर? सर मागे उभे राहून साथ करतात.

मंडळी, उठण्याआधी एक मागणं आहे. आज घरी जाल, आमटीत चिमूटभर मीठ टाकाल, तेव्हा क्षणभर हात थांबवा आणि इंदुबाईंची आठवण काढा. आठवणीच्या नादात मीठ दोनदा पडलं, तर मात्र आमच्याकडे येऊ नका!