कानांना दिलेलं आवतण

मयुरीला ऐकणारे मिळवून द्यायचे, हे मी ठरवलं ते लसूण सोलता सोलता. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. माझं डोकं मोकळं राहिलं की गल्लीला त्रास होतो, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. (हे दालमिलमध्ये कारकून आहेत. घरी आले की कानात इअरफोन घालून बसतात. काय ऐकता म्हणून विचारलं तर म्हणतात, शांतता.)

मयुरी म्हणजे समोरच्या हितेंद्रभाऊंची मुलगी. हितेंद्रभाऊंचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे आणि घरावर एक खोली आहे. त्या खोलीत मयुरी पॉडकास्ट करते. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच, फक्त आपल्याला वाटेल तेव्हा फोनवर लावायचा. तिच्या पॉडकास्टचं नाव 'घडीभर बसा'. आपल्याच भागातल्या एकेका माणसाला ती बोलतं करते. केळीचे घड कापणारा वना, गाद्या भरणारे हनीफचाचा, वरणगावच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक काका. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्यात, त्यातल्या बऱ्याच माझ्या आहेत. त्या खोलीचं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. ओटाच तिथे आहे, त्याला मी काय करू?

तर एक दिवस त्या दारात हितेंद्रभाऊंचा आवाज आला. ते म्हणत होते, संक्रांतीपर्यंत बघतो. ऐकणारे वाढले तर ठीक, नाहीतर खोलीत नळ्या येतील आणि तू बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाशील. मयुरी नुसतं "बरं" म्हणाली. पण ते खाली गेल्यावर ती भिंतीवरची गोधडी सरळ करत राहिली. गोधडी सरळच होती. ते बघता बघता हातातला सोललेला लसूण मी सालांच्या पिशवीत टाकला.

लगेच तिच्याकडे गेले. म्हटलं, मयुरी, ऐकणारे मी आणते.

ती हसली. म्हणाली, "लताकाकू, आणायचे नसतात. यावे लागतात."

मग तिने मला समजावून सांगितलं. ज्याला खरंच आवडेल त्यालाच सांगायचं. कोणी दोन ओळी लिहिल्या तर प्रत्येकाला आपण स्वतः उत्तर द्यायचं. ठरलेल्या वारी नवा भाग टाकायचा, चुकवायचा नाही. तिच्या मावसभावाने विकतचे ऐकणारे मिळवून देतो म्हटलं होतं, त्याला तिने चहा पाजून परत पाठवलं होतं. मी सगळं ऐकलं, मान हलवली, आणि घरी येईपर्यंत विसरले.

दुसऱ्या दिवशी आमच्या भजनी मंडळात मी बायांचे फोन गोळा केले. सगळ्या डोळे मिटून भजनात होत्या. तेवढ्यात एकेका फोनवर 'घडीभर बसा' काढून फॉलोचं बटण दाबून टाकलं. (बटण दाबायला सातवी पास पुरेशी होते.) संध्याकाळी अभिमानाने मयुरीला सांगितलं. तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या ताटात माशी टाकली.

"काकू, त्यांना विचारलं होतं?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या."

"मग ते माझे ऐकणारे कसे?"

तिने मला परत पाठवलं. घरोघर जाऊन, काय केलं ते सांगून, ते बटण उलटं दाबायचं. दाबायला निमिष लागतो, पण प्रत्येक घरी चहा आणि सुनेच्या तक्रारी ऐकून घ्याव्या लागल्या. एवढं ऐकून घेणारी मी एकटी. पॉडकास्ट ऐकायला मात्र कोणी तयार नाही. सगळ्यांचं एकच: "हो हो, ऐकू कधीतरी."

ह्या 'कधीतरी'ने माझं डोकं फिरलं. संक्रांत जवळ येत होती. मी सकाळी उठले की आधी फोनवर आकडा बघायची, मग दात घासायची. आकडा तसाच. भाकरी उलटली की आकडा, कुकरची शिट्टी झाली की आकडा. पाय घरात ठरेना. आमचे हे म्हणाले, तू एवढ्यांदा उघडतेस, त्यातच तिचे ऐकणारे वाढत असतील. मी आशेने मयुरीला विचारलं. ती म्हणाली, एक माणूस एकदाच मोजतात.

तेव्हा मला सुचलं. फोनवरून सांगितलेलं लोक विसरतात, पण दारात येऊन दिलेलं आवतण कोणी विसरत नाही. रविवारी संध्याकाळी हितेंद्रभाऊंच्या गच्चीवर सगळ्यांना बोलवायचं, मोठा स्पीकर लावायचा आणि ऐकवायचं. हितेंद्रभाऊ लग्नाला पहूरला जाणार होते, मयुरी रेकॉर्डिंगला असोद्याला. दोघं परत येतील तोवर गच्ची ऐकणाऱ्यांनी भरलेली. (इथे मी मयुरीला विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, ह्या वेळी मी फोनला हात लावत नाहीये, म्हणजे चुकत नाहीये.)

पहिल्या दोन घरी मी नुसतं सांगितलं. तिथेही "बघू" मिळालं. मग मी घरी येऊन वाटीत तांदूळ घेतले, हळद-कुंकू कालवलं आणि अक्षता केल्या. अक्षता हातावर पडल्या की आमच्याकडचा माणूस नाही म्हणत नाही.

झुलालनानांच्या दारात गेले. नाना मूळचे धुळ्याकडचे. मुलगी सुरतला दिलेली, इथे ते, सून आणि नातवंडं. अक्षता बघून नाना खुर्चीतून उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी घेतल्या. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आमच्याकडे अक्षता घेताना प्रत्येक जण विचारतो.

"एकलाले का बठ्ठा घरले?"

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. एकट्याला आवतण असेल तर घरातला एक जण जातो. 'बठ्ठा घरले' म्हणजे सगळ्या घराला. आणि सगळ्या घराला आवतण म्हणजे त्या वेळी त्या घराची चूल पेटत नाही. हे मला चांगलं माहीत आहे. माझ्या स्वतःच्या लग्नाचं आवतण असंच दिलं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे नानांचं घर नव्हतं, आकडा होता. एक ऐकणारा की सहा? मी म्हटलं, "बठ्ठा घरले, नाना."

आणि मग गल्लीभर तेच म्हणत गेले. शेजारच्या जैनबभाभींना अक्षता न देता तोंडी सांगितलं, पण तेवढ्याच जोरात: सगळे या. जो तो हसून हो म्हणत होता. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, बघा, लोकांना गोडी असते, फक्त बोलवता आलं पाहिजे.

रविवारी संध्याकाळी मी गच्चीवर सतरंज्या घातल्या आणि स्पीकर लावला. पहिले झुलालनाना 'उनूत, माय' (आलो) म्हणत आले, धुतलेलं धोतर, टोपी, हातात पाण्याचा तांब्या. मागे अख्खं घर. मग बाकीची घरं, भांग पाडलेली, पावडर लावलेली. गच्ची भरली. आणि बसली कशी? समोरासमोर, सरळ ओळींत, मधून वाढप्याला जायला वाट ठेवून. मला वाटलं, काय शिस्त आहे.

मी हनीफचाचांचा भाग लावला. हनीफचाचा कापसाबद्दल फार सुंदर बोलले आहेत. ऐकणारे सगळे जिन्याकडे बघत होते. एका पोराने विचारलं, पत्रावळ्या कधी येणार? त्याच्या आईने त्याला गप्प केलं आणि मग तीही जिन्याकडे बघायला लागली.

मी नानांजवळ जाऊन हळूच विचारलं, नाना, आवडतंय ना?

नाना म्हणाले, "चाचा गोड बोलस. पन माय, मी दुपारनं जेवन सोडेल शे. जेवन कठे शे?"

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकदम पेटलं. गल्लीतल्या एकाही घराची चूल पेटलेली नव्हती.

त्याच वेळी जिन्यावर हितेंद्रभाऊ दिसले, मागे मयुरी. हितेंद्रभाऊ लग्नातून जेवून आले होते, त्यामुळे गच्चीवरची उपाशी पंगत बघून त्यांना आधी आपल्याला काहीतरी झालं असं वाटलं. मी कसंबसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, संक्रांतीची वाट कशाला बघायची? नळ्या उद्याच आणतो." मयुरी माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आधी ह्यांना जेवायला घालू."

पुढचं सगळं धावपळीत झालं. आमच्या ह्यांच्या कानातून मी इअरफोन ओढून काढला आणि त्यांना मोटरसायकलवर असोद्याला पिटाळलं, भरताची वांगी आणायला. त्या दिवशी कळलं की त्यांना घाई करता येते. जैनबभाभींनी घरून मोठी परात आणि कणीक आणली आणि पुऱ्या लाटायला बसल्या. खाली अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली. धूर सगळा गच्चीवर. पंगत खोकत होती, पण वास आल्यामुळे उठायला कोणी तयार नव्हतं.

आणि उपाशी माणसं बोलतात. कोणाच्या लग्नात भाजी संपली, कोणाला आवतण न देता सगळी भावकी जेवून गेली, कोण व्याही वरणात तूप कमी म्हणून रुसून बैलगाडीत जाऊन बसला. हसण्याने गच्ची हलत होती. मी वांग्याची सालं काढता काढता मयुरीला म्हटलं, माझ्या गोधडीखाली तुझा माईक लपव आणि सगळं भरून घे, ही संधी परत यायची नाही.

ती म्हणाली, "लपवून नाही."

मग माईक हातात घेऊन ती एकेकासमोर बसली. हे बोलणं लोक ऐकतील, चालेल का? नको वाटलं तर नंतरही सांगा, काढून टाकेन. एक बाई नको म्हणाल्या, त्यांचं तिने घेतलंच नाही. (नेमकी त्यांचीच गोष्ट सगळ्यात मसालेदार होती. माझा जीव तीळ तीळ तुटला.) झुलालनानांना विचारलं तेव्हा ते टोपी सरळ करून म्हणाले, "ले भरी. पन पहिले हाई सांग, मी उपाशी शे."

तो भाग तिने दोन दिवसांनी टाकला. ज्याचा आवाज होता त्याला त्याला आधी ऐकवला, मग टाकला. कोणाला म्हणाली नाही की पुढे पाठवा. पण नानांनी तो सुरतला मुलीला पाठवला, माझा आवाज ऐक म्हणून. मुलीने सासरच्यांना ऐकवला. सुरतेत आपली खान्देशातली माणसं किती, हे मोजायला कोणी बसत नाही. साड्यांच्या कारखान्यांतून, खोल्यांतून, रिक्षांतून तो गेला. धुळ्याला नानांच्या भावकीत गेला, तिथून शिरपूरला. लोकांनी मागचे भाग काढून ऐकले, हनीफचाचांचा कापूस ऐकला. कोणी लिहिलं की गाव सोडल्यापासून पहिल्यांदा भरताचा वास आला. मयुरी प्रत्येकाला उत्तर लिहीत बसली. मी खिडकीतून बघत होते. गोधडी वाकडी लटकत होती, तिला ती सरळ करायला वेळ नव्हता.

हितेंद्रभाऊंच्या दुकानात नळ्या घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं की भरताच्या भागातली ती मुलगी तुमचीच का, तेव्हा त्यांनी त्याला चहा मागवला. संक्रांतीला त्यांनी सांगून टाकलं, खोली मयुरीची. मला इतका आनंद झाला की तीळगूळ घेऊन धावत गेले. तेव्हा ते म्हणाले, "आता नळ्या कुठेतरी ठेवाव्या लागतीलच, वहिनी." आमच्या पुढच्या खोलीत सध्या नळ्यांची वेटोळी आहेत. टीव्ही त्यांच्या मागे आहे. आमचे हे म्हणतात, आता खरी शांतता आली.

एवढ्यावर भागलं असतं. पण गल्लीला उपाशी ठेवलं ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. जिथे तिथे कानावर माझाच आवाज यायचा, कारण मयुरीने तो भाग माझ्याच "बठ्ठा घरले, नाना" ह्या शब्दांनी सुरू केला होता. (मला विचारून. गच्चीवर नानांनी माझी नक्कल केली तेव्हा ते शब्द मी स्वतःच त्यांना परत म्हणून दाखवले होते, आणि परवानगी मागितल्यावर इतकी फुगले होते की काय म्हटलं ते आठवलंच नाही.) म्हणून ठरवलं, एक साधं, खरं जेवण द्यायचं. अक्षता केल्या, प्रत्येक दारात गेले, आणि ह्या वेळी कोणी विचारायच्या आधीच सांगितलं, बठ्ठा घरले. सगळे गोड हसले.

असोद्याहून वांगी आणली, काठवट भरून भरीत ठेचलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या, आमच्याच घरी पत्रावळ्या मांडल्या. ठरल्या वेळेला अख्खी गल्ली आली. मला हायसं वाटलं. पण ह्या वेळी पंगतीसारखं कोणी बसेना. भिंतीला टेकून, नळ्यांच्या वेटोळ्यांवर, पाय पसरून, जिथे जागा मिळेल तिथे बसले. पत्रावळीपुढे कोणीच नाही.

नाना सगळ्यांच्या मधे बसले, तांब्या आणला नव्हता. समाधानाने ढेकर दिला, टोपी मांडीवर ठेवली आणि मला म्हणाले,

"आम्ही बठ्ठा जेवीसन उनूत, माय. लाव आते तुनं काय ते."